होसियतचा होकार

"तू एकदा 'हो' म्हण गं, बाकी काही बोलू नकोस!" असं म्हणून आईनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं, आणि जर्दाळूच्या बिया काढता काढता होसियतचे हात जागीच थांबले...

चौदा वर्षं! बाप गेला, भाऊ रशियात कामाला गेला तो तिथलाच झाला, आणि सतरा वर्षांची होसियत घराची कर्ती झाली. इस्फारा या ताजिक गावातल्या तिच्या बरोबरीच्या मुली सासरी नांदायला गेल्या. ही मात्र उन्हाळाभर लोकांचे जर्दाळू फोडत राहिली, हिवाळाभर गाद्या शिवत राहिली, धाकट्या बहिणीला, शहलोला, शिकवत राहिली. आणि आता त्याच शहलोचं लग्न तिच्यापाशी येऊन अडलं होतं! मुलाच्या आईनं, सलोमतनं, रोखठोक सांगितलं होतं की थोरली घरात बसलेली असताना धाकटी आम्ही नेणार नाही, लोक तोंडात शेण घालतील. तोडही तिनंच काढली होती: तिचा भाऊ हकीमजोन, पन्नाशीचा, दोन ट्रकचा मालक. त्याची पहिली बायको हयात होती, चार मुलं होती.

"दुसरी तर दुसरी! बायकोच ना?" आई म्हणाली. "आणि त्या परदेशी बाईलाही सांग, येऊ नकोस म्हणावं. सलोमत म्हणते, तुमची पोरगी ख्रिस्ती होणार."

"ती तुझे गुडघे चोळते, आई."

"म्हणूनच तर मला सांगवत नाही! तू सांग."

युन्हा कोरियाहून आलेली, येशूचं नाव घेणारी, मोडकंतोडकं ताजिक बोलणारी. दीड वर्ष ती दर मंगळवारी यायची, आईचे गुडघे चोळायची, मग जर्दाळूच्या ढिगाशी बसून होसियतच्या कामाला हात लावायची. कधीमधी विचारायची, तुझ्यासाठी प्रार्थना करू का? होसियत 'कर' म्हणायची. कुणीतरी आपलं नाव देवापुढे घेतं, याचंच तिला अप्रूप! धर्म बदलावा असं होसियतच्या मनात कधी आलं नाही. पण "आज तू जेवलीस?" हा प्रश्न सख्ख्या माणसांनाही कधी सुचला नव्हता हो...

"मी नाही येणार," सगळं ऐकून युन्हा म्हणाली. "पण तुला हे लग्न हवं?"

"मला विचारू नकोस. मी दमलेय गं... नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं."

बोलणी करायला सलोमत आली त्या दुपारी युन्हाला काही राहवलं नाही. मैत्रिणीला एकटीला कसं सोडू, म्हणून ती दारात येऊन उभी राहिली. सलोमतच्या भुवया वर गेल्या. पण दारी आलेल्या पाहुण्याला घालवायचं कसं? आईनं तिला दस्तरखानाशी, जमिनीवर अंथरलेल्या जेवणाच्या कापडाशी, बसवलं.

मध्यभागी दोन अख्खे नान एकावर एक ठेवलेले. मुलीकडच्या वडीलधाऱ्यांनी नान मोडला की शब्द दिला. तोवर त्याला कुणी बोट लावायचं नाही. पण दर मंगळवारी आईच युन्हापुढे नान ठेवून म्हणायची, "तूच मोड, तू पाहुणी!" ते बिचारीच्या अंगवळणी पडलेलं. तिनं डोळे मिटले, ओठांत दोन शब्द पुटपुटली, वरचा नान उचलला, मोडला, आणि पहिला तुकडा दोन्ही हातांनी सलोमतपुढे धरला!

"मोडला!" सलोमतनं तो झडप घालून घेतला. "मुबारक! ठरलं!"

युन्हा गोंधळून सगळ्यांच्या तोंडाकडे पाहू लागली. आणि होसियत? तिच्या मनात आलं, चला, सुटले... आता कुणालाच होकार द्यायला नको!

"असू दे, आई," ती खाली मानेनं म्हणाली. "झालं ते बरं झालं."

आईनं लेकीकडे पाहिलं. राग नाही, लाज नाही, डोळ्यांत टिपूसही नाही! एकतिसाव्या वर्षी कपाळावर पिकलेल्या बटा... या आपण कधी पाहिल्याच कशा नाहीत? म्हातारीचं काळीज चरकलं. युन्हाच्या खांद्याचा आधार घेऊन ती उठली आणि सलोमतच्या हातातला तुकडा तिनं काढून घेतला.

"ही पोर परकी आहे, सलोमत, तिला आपली रीत ठाऊक नाही. माझ्या लेकीचा शब्द मी द्यायचा. आणि मी देत नाही!"

"मग धाकटीचंही विसर!"

दारात शहलो चहाची किटली घेऊन उभी होती, पांढरीफटक. सलोमतच्या मुलावर तिचा जीव होता, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं.

"विसरले, खाला," ती कशीबशी म्हणाली. "माझ्या आपाचा बळी देऊन मला संसार नको!"

"मग घाला दोघींचं लोणचं!" सलोमत तरातरा निघून गेली.

"मी काय केलं? काय केलं मी?" युन्हा हुंदके देऊ लागली.

"माझे डोळे उघडलेस, बाई," आई म्हणाली, आणि तिनं होसियतचा चेहरा ओंजळीत धरला. "चौदा वर्षं तुला राबवलं, आणि वर तुझाच सौदा करायला बसले! माफ कर गं मला... सांग, तुला काय हवंय? जे म्हणशील ते."

हे होसियतला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, आणि आता विचारलं तर काही म्हणता काही आठवेना... तिचे डोळे तेवढे भरून आले.

"मला झोपायचंय, आई."

आईनं आपल्या हातांनी गादी घातली. थोरली लेक दिवसाउजेडी आडवी झालेली त्या घरानं कधी पाहिली नव्हती. अंगणात शहलो डोळे पुसत जर्दाळू फोडत होती, आणि युन्हा मुकाट्यानं तिच्याशेजारी बसली होती. तेवढ्यात काय ठरलं ते विचारायला शेजारीण लगबगीनं आली, तशी आई दुखऱ्या गुडघ्यांनी दारात आडवी उभी राहिली.

"हळू बोल," ती म्हणाली. "माझी लेक झोपलीय."