उलट्या पिळाची वात

“वात वळताना बोलायचं नाही. अन् उजव्याच हातानं वळायची, देवाचं काम आहे.”

आई केशरबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पण लक्षवातीचं व्रत घेतल्यापासून जमुनाताईंना तो आवाज रोज ऐकू यायचा. अकोल्याच्या सभागृहामागच्या खोलीतही त्या मांडीवर कापूस घेऊन वाती वळत होत्या. बाहेर खुर्च्या सरकत होत्या. माईकवर कोणीतरी सारखं ‘हॅलो, हॅलो’ करत होतं.

“आत्याबाई, पेटीत कोणीतरी कारभार केला.”

भाची रागिणी दारात उभी होती. जमुनाताईंनी बोट वर केलं. हातातली वात पुरी केली, डब्यात ठेवली, मगच तोंड उघडलं.

“काय झालं?”

“काळी पाच दबूनच नव्हती राहिली. माहा सा तोच आहे.”

मागून अंकुर आला. रागिणीला पेटीवर साथ तोच करायचा. त्याच्या एका हातात केसांची पिन होती, दुसऱ्या हातात कापसाची जाड वात.

“पट्टीखाली कोंबली होती. सकाळी अमरावतीत वाजवली तवा पेटी ठीक होती.”

“निघाली ना वात? मग झालं. गा.”

“नाही गात,” रागिणी म्हणाली. “गाडीत आपणच होतो. आपल्यातल्याच कोणाले मी गाऊ नये असं वाटते. कोण ते समजल्याबिगर माह्या गळ्यातून आवाज निघणार नाही.”

ती नुसतं म्हणत नव्हती. तिचा आवाज आत्ताच बसल्यासारखा येत होता.

आज परीक्षक म्हणून पुण्याच्या एक गुरुबाई आल्या होत्या. त्यांना गाणं आवडलं, तर रागिणी वर्षभर त्यांच्याकडे राहून शिकणार. नाही तर दसरा झाला की अकोटच्या कुलदीपशी साखरपुडा. तिचे वडील भगवंतराव यांनी तसा शब्द दिला होता, मुलीलाही आणि अकोटच्या मंडळींनाही.

जमुनाताई हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या. गुन्हे सुटले अन् व्रतं लागली, असं त्या स्वतःच म्हणत. त्यांनी वात रुमालात घेतली.

मूर्तिजापूरला चहासाठी गाडी थांबली होती. त्या आणि रागिणी देवळात जाऊन आल्या. पेटी मागच्या सीटवर, त्यांची पिशवी शेजारी. गाडीपाशी उरले होते तिघंच: कुलदीप, अंकुर आणि भगवंतराव.

गाडी कुलदीपची होती. त्याच्या घरचं अकोटला मशीननं सरकी काढणारं जिनिंग होतं.

“माह्या व्रतासाठी रुई तुमीच आणली ना?”

“हाव, आत्या. डिक्कीत गठडी तशीच आहे. तुमी हातच नाही लावला.”

“हातानं सरकी काढलेला कापूसच लागते व्रताले. मूर्तिजापूरले काय करून राहिले होते?”

“काचा पुसत होतो.” कुलदीपनं मान खाली घातली. “खरं सांगू? मले गाण्यातलं काही समजत नाही. मागच्या कार्यक्रमात टाळी वाजवली, त समदे वळून पाहाले लागले. रागिणीनं पुण्यालेच जावं म्हणून मी नवस बोललो आहे.”

“कोणत्या देवाले?”

“सगळ्याइले. बाबांसमोर नाही म्हणाची हिंमत नाही माही.”

जमुनाताईंनी हसू आवरलं आणि अंकुरला बोलावलं.

“सकाळपासून फोन कशाले लपवून राहिला?”

“काही नाही, आत्याबाई.”

“पोलिसाले काही नाही म्हणू नको.”

“पुण्यात एका स्टुडिओत नोकरीची मुलाखत आहे. सोमवारी.”

“रागिणीले माहीत आहे?”

“नाही. ती गेली तरच मी जाईन. ती इथं राहिली त पुण्यात माहं काय काम?”

दाराच्या पडद्यामागे रागिणीच्या बांगड्या वाजल्या. “हे मले सांगता नाही आलं तुले?”

“तू विचारलं कुठं?”

“पेटी वाजवते, पण तोंड नाही उघडत हा माणूस,” रागिणी म्हणाली. पण आवाजातला राग जरा पातळ झाला होता.

भगवंतराव बाहेरच्या बोळात येरझारा घालत होते.

“मूर्तिजापूरले तू कुठं होता, भगवंता?”

“कुठं असणार? चहा घेत होतो, ताई.” त्यांनी उजव्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं, लगेच पुन्हा पाहिलं. “तिले नसन गायचं त घरी नेऊ. पोरीवर जबरदस्ती कशाले?”

जमुनाताई खोलीत परतल्या. डबा उघडला. वातींच्या जुड्या दोरा बांधलेल्या, जशाच्या तशा. पिशवीतल्या कच्च्या कापसाची पुडी मात्र सुटलेली होती. खिडकीपाशी त्यांनी रुमालातल्या वातीचं टोक जरासं उलगडून पाहिलं. आत सरकीचं बारीक टरफल होतं. मग त्यांनी स्वतः एक वात वळली, दोन्ही शेजारी ठेवल्या, आणि बराच वेळ हलल्या नाहीत.

बाहेर निवेदिका आधीच्या गायिकेचं नाव पुकारत होती. त्यानंतर रागिणी.

जमुनाताई बोळात गेल्या. भगवंतराव एकटेच होते.

“ही वात मशीनच्या रुईची नाही, भगवंता. टरफल आहे तिच्यात. माह्या पिशवीतला कापूस आहे. कुलदीपची गठडी त्याच्या हाताशी होती. तो माही पिशवी कशाले उघडन?”

“मग अंकुर असन.”

“परका माणूस असता त डब्यातली तयार वात उचलून मोकळा झाला असता. डबा वरच होता. ह्या माणसानं व्रताच्या वातीले हात लावला नाही. खालचा कापूस काढून स्वतः वळली. डब्यातली वात चोरली त व्रत मोडते, हे आपल्या आईच्या हाताखाली वाढलेल्यालेच ठाऊक. अन् पेटीले ओरखडासुद्धा नाही. पाप करतानाही सोवळं सांभाळलं, बावा.”

“मी कशाले करीन असं?”

जमुनाताईंनी तळहात पुढे केला.

“ही माही वात. ही पेटीतली. पीळ पाह्य. उलटा आहे. उजव्या हातानं वळ, असं आई कोणाले सांगे? मले? मी त उजवीच होती.”

भगवंतराव भिंतीला टेकले.

“जेवणं उजव्या हाताचं केलं तुनं, लिहिणं केलं. घड्याळ अन् वात राहून गेली.”

आत तबला ठोकून पाहण्याचा आवाज येत होता.

“अकोट कसं, ताई,” शेवटी ते म्हणाले, “सकाळी दर्यापूरची एसटी धरली की पोरीले भेटून संध्याकाळी घरी. पुण्याचं तसं नाही. ती गेल्यावर सैपाकघरात कोण गुणगुणीन? वाटलं, पेटी अडली त घाबरन, घरी चाल म्हणन.”

“घाबरली नाही ती. तिले वाटते, आपल्या माणसाले आपलं गाणं नको.”

“नको कसं?” त्यांचा आवाज फाटला. “तिले नको सांगू.”

“मी सांगणार नाही. पण तिनं विचारलं त खोटंही बोलणार नाही. नेम आहे माहा.”

“मग?”

“तू सांग. गायच्या आधी.”

“सांगतो. शब्द देतो.”

“दोन्हीकडं शब्द देणारा माणूस आहे तू.”

“हा एकीकडंच आहे, ताई.”

आत टाळ्या सुरू झाल्या. त्यातली एक, कुलदीपची, सगळ्या थांबल्यावरही वाजत राहिली. भगवंतरावांनी डावा हात पुढे केला. जमुनाताईंनी उलट्या पिळाची वात त्यावर ठेवली. त्यांनी मूठ मिटली, चपला तिथंच काढल्या, आणि अनवाणी, आवाज न करता रागिणीच्या खोलीकडे निघाले.