अनगोळचं एक शीट

सांबऱ्याच्या विमानतळाबाहेर शरच्चंद्र सर बॅग पायाशी ठेवून उभे होते. दिवेलागण झाली होती. मोबाईलवर बोलावलेली टॅक्सी 'येतेय, येतेय' म्हणत आलीच नाही, आणि बरोबर उतरलेली माणसं केव्हाच आपापल्या गाड्यांनी निघून गेली होती.

तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण भौतिकशास्त्र शिकवण्यात जन्म घालवलेल्या या माणसाचा आताशा स्वतःवरच भरवसा उरला नव्हता. गेल्या वर्षी बेंगळुरूत मुलाच्या घरामागच्याच गल्लीत ते वाट चुकले. तेव्हापासून आशुतोष त्यांना एकटं सोडेना. त्यांना तर इथल्या, अनगोळच्या आपल्या बंद घरी एकट्यानं राहायचं होतं. शेवटी मुलानं अट घातली. "विमानतळावरून स्टँडजवळच्या हॉटेलवर एकटे पोचून दाखवा, बाबा. पोचलात तर सकाळी अनगोळची किल्ली घ्या. नाहीतर उद्याच्या विमानानं परत."

सरांनी बॅग उचलली आणि मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेले.

तिथं एक जुनी वडाप जीप उभी होती. "स्टँड, स्टँड! एक शीट, एक शीट!" ड्रायव्हर ओरडत होता. सर मधल्या बाकावर खिडकीशी बसले. गाडीत दुसरं कुणीच नव्हतं. वडाप सगळी शीटं, म्हणजे सगळ्या जागा भरल्याशिवाय हलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"भरायला वेळ लागेल का?"

"भरली की, आप्पा." त्यानं गाडी सुरू केली.

सरांनी वळून पाहिलं. मागचे बाक रिकामे.

"कुठं भरली?"

"चष्मा बदला, आप्पा!" ड्रायव्हर हसला. "आन् जरा सरका की. आक्कांना टेकायला जागा न्हाय."

मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. सर सवयीनं सरकले. शेजारचं रेक्झिन हळूच खाली दबलं, आणि कित्येक दिवस न उघडलेल्या घराचा कुबट वास आला.

वाटेतल्या मुतग्याला जीप थांबली. "मुतग्याचं कोण? उतरा." मागचं दार उघडलं, लागलं. जीप स्प्रिंगांवर जराशी वर उठली. रस्त्याला चढ असेल, सरांनी मनाला समजावलं. गांधीनगरला दार पुन्हा उघडलं, जीप पुन्हा उठली. तिथं रस्ता सपाट होता.

उतरून पळावं का? पण मधेच उतरणं म्हणजे पुन्हा बेंगळुरू. त्यांनी बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळला. उतरायचं ते हॉटेलपाशीच.

"अनगोळचं कोण हाय?" ड्रायव्हरनं आरशात पाहून विचारलं.

सरांनी पट्टा आणखी घट्ट धरला. त्यांच्या दंडाला काहीतरी गार टेकलं.

"व्हय आक्का, पर गाडी तिकडं जात न्हाय... स्टँडपातूरच हाय." तो काही ऐकत असल्यासारखा थांबला. मग म्हणाला, "आप्पा, तुमी कुठं?"

"स्टँडजवळ... हॉटेलात."

"आन् उद्या?"

सरांना खोटं बोलायची सवय नव्हती. "अनगोळला... घर आहे माझं."

"मग झालं की!" ड्रायव्हर सुटल्यासारखा बोलला. "आक्का, तुमी ह्यांच्यासंगं जावा."

हॉटेलच्या दारात सर उतरले. त्यांच्या वजनाइतकी जीप वर उठली. मग आणखी थोडी उठली.

"सांभाळून न्या हं, आप्पा," ड्रायव्हर हळू आवाजात म्हणाला. "लई दिसांनी घरी चालल्यात."

सरांनी मागं वळून पाहिलं नाही. खोलीत शिरून आतून कडी घातली आणि मुलाला फोन लावला.

"पोचलो."

"एकटे?"

खरं सांगितलं, तर घर गेलं.

"एकटाच."

"जिंकलात, बाबा!" आशुतोष हसला. "उद्या शेजारच्या जयाबाईंकडून किल्ली घ्या. राहा तुमच्या घरी."

घर माझंच आहे, फोन ठेवता ठेवता सर पुटपुटले. काही झालं तरी सकाळी कुलूप उघडायचंच. ते पलंगाच्या मधोमध बसले. खिडक्या बंद होत्या. तोच कुबट वास हळूहळू खोलीभर पसरला.

मग, कुणी न सांगताच, ते जरा सरकून बसले.