झेलायची जागा

सापगावात समीक्षाच्या घरी मधल्या खोलीत भाताची कणगी आहे. कणगीमागच्या फळीवर, उंदरांनी वायर कुरतडू नये म्हणून जाळीच्या पेटीत, एक जुना लॅपटॉप सदा चालू असतो. त्याला हार्ड डिस्क जोडलेली, खाली इन्व्हर्टर. घरातल्या सगळ्यांचे फोटो, कागद, बोलणी त्यात. परमुलखातल्या कुठल्या कंपनीच्या कोठारात काही नाही. आपलं धान्य आपल्या कणगीत, तसं.

हे सगळं समीक्षानं रविवार मोडून एकटीनं उभं केलं होतं. कल्याणच्या ऑफिसात ती दुसऱ्यांची सॉफ्टवेअरं तपासायची; त्यामुळे फोन आपल्या पाठीमागे किती बोलतो हे तिला ठाऊक होतं. तिनं फोनमधलं मूळचं सगळं पुसलं आणि कुणाकडे चहाडी न करणारं दुसरं घातलं. "ताई, तुझ्या फोननं मौन धरलं काय गो?" असं तिचा भाऊ प्रज्वल चिडवायचा. मग एके दिवशी स्वतःचा फोनही त्यानं गुपचूप तिच्यापुढे ठेवला.

पण खरं कारण होती जनीकाकी.

जनीकाकी धवळारीण, लग्नातली गाणी म्हणणारी. मांडवात तिचा धवळा झाल्याशिवाय लग्न लागलं असं गावात कुणाला वाटत नसे. धवळा एकटीनं म्हणायचा नसतो. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं तीच ओळ झेलायची. काकीची ओळ झेलायला तिची जाऊ रखमी असे, ह्याच घरातली. रखमी वारली, तशी काकी एकटीच म्हणू लागली. पण ओळ संपली की गप्प बसे, झेलायला लागेल तेवढा वेळ. मगच पुढची ओळ. मांडवातली माणसं त्या गप्प बसण्याला सरावली होती.

एका लग्नात कुणीतरी तो आवाज फोनवर धरला. तो कुठून कुठं फिरला देव जाणे. मुरबाडकडच्या एका हळदीत तोच आवाज डीजेच्या ठोक्यावर वाजला, मधल्या गप्प जागा कापून टाकून. काकी तिथं पंगतीला होती. हातातला घास पत्रावळीवर ठेवून ती उठली, आणि पुन्हा कुणाच्या फोनसमोर गायली नाही.

त्याच हिवाळ्यात काकीच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन केलं तर आवाज राहील याचा भरवसा डॉक्टर देईनात. समीक्षाचं लग्न मुरबाडच्या दीपेशशी ठरलेलं, वैशाखातलं. आपल्या मांडवात काकीचा धवळा नसेल, ही गोष्ट तिला सोसेना. तिनं काकीला पेटीपाशी नेलं, कुलपं समजावली, बाहेरचं कुणी आत येऊ शकत नाही ते दाखवलं. काकीनं जाळीवर हात ठेवला.

"खुडूक कोंबडीवानी गरम हाय गो," ती हसली. मग हसू मावळलं. "घरातलं घरातच ऱ्हाऊ दे, तुजा मांडव तेवढा सोडून. आयकनारा पन घरातलाच."

समीक्षानं शब्द दिला. लॅपटॉपमध्ये तिनं धवळ्यासाठी एकच खातं काढलं, त्याला नाव दिलं 'घर'.

माघातल्या एका दुपारी काकी गायली. पाठ ताठ, डोळे मिटलेले, प्रत्येक ओळीनंतर ती गप्प जागा.

*पिवळ्या पाटावरी कोन गो बसली,*
*अंगणीची माती पायाला रुसली...*

शेवटाला मात्र ती थांबली. नवरीचं नाव घेऊन तिला उंबरा ओलांडायला सांगणारी ओळ मांडवाबाहेर म्हणत नाहीत. म्हटली, तर घरातलंच कुणीतरी उंबरा ओलांडतं, आणि परत येत नाही. ती ओळ मांडवात कशीबशी म्हणेन, कुजबुजत का होईना, असं काकी बोलली.

ऑपरेशननंतर कुजबुजही उरली नाही.

फाल्गुनात समीक्षानं रेकॉर्डिंग लावलं. पहिल्या गप्प जागेत कुणीतरी श्वास घेतला. काकीचाच असेल, तिला वाटलं. पुढल्या खेपेला तिथं गुणगुण होती. त्यानंतर शब्द आले.

तिनं तपासायचं ते सगळं तपासलं. फाइल होती तशीच, एका कणानंही बदललेली नाही. बाहेरून कुणी आलेलं नाही. उघडणारं नाव एकच: घर. सगळे शेतावर असतानाही: घर. तिनं पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा: घर.

कुलूप तिनं बाहेरच्यांसाठी लावलं होतं.

आणि घाबरायचं सोडून ती ऐकतच राहिली. कारण तो दुसरा आवाज फार सुंदर होता. जरासा घोगरा, काकीची ओळ सुपातल्या दाण्यासारखी झेलणारा, एक दाणा न सांडता. तिनं काकीला बोलावून ऐकवलं. काकीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आवाज नव्हता, पण ओठ हलले ते समीक्षाला वाचता आले.

"घरातलीच."

चैत्रात ओळींचा क्रम फिरला. आता घोगरा आवाज पुढं होता. तो ओळ टाकी, आणि काकीचा आवाज झेली.

वैशाखात अंगणात मांडव उभा राहिला. जांभळीच्या डहाळ्या बांधून झाल्या. त्या सकाळी कासारानं समीक्षाच्या हातात हिरवा चुडा भरला. दुपारी बायका हळद दळत होत्या, तेव्हा ती काकीला घेऊन कणगीपाशी आली. उद्या मांडवात लावायचं ते एकदा ऐकून घ्यावं, एवढंच.

काकी जिथं थांबली होती तिथवर धवळा आला.

थांबला नाही.

*समीक्षा बाय गो, उंबरा ओलांड,* रखमीचा आवाज म्हणाला.

*समीक्षा बाय गो, उंबरा ओलांड,* काकीचा आवाज म्हणाला. माघात तिनं न म्हटलेली ओळ.

समीक्षाला हुंदका आला. तिचं लग्न आता पुरं लागणार होतं. तिनं काकीचा हात धरला. हात गार होता, आणि काकी तिच्याकडं नाही, पेटीकडं बघत होती.

रेकॉर्डिंग संपलं नव्हतं.

दोन्ही आवाजांनंतर एक गप्प जागा सुरू झाली होती. बरोबर एका ओळीएवढी. झेलायला लागेल तेवढी.

समीक्षानं हात जराही हलवला नाही.

त्या जागेत, पेटीतून, नव्या चुड्याच्या काचा किणकिणल्या.