वाळवी हवी आहे

वाळवीचं औषध मारणाऱ्या माणसाला कुणी हौसेनं घरी बोलावत नाही. दाराची चौकट भुसा होऊन हातात आली, की मगच त्याची आठवण होते. या धंद्यात त्याची वीस वर्षं गेली होती. "देवानं कीड जन्माला घातली म्हणून आमची चूल पेटते," असं तो गिऱ्हाइकांना हसत सांगायचा.

त्या दिवशी फोन आला तो शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचा. वय झालं होतं, पण आवाज तोच.

"तुझ्याकडे वाळवी आहे का रे?"

म्हातारपणी जीभ घसरते, असं समजून तो म्हणाला, "येतो बाई, बघतो किती लागलीय ती."

दुपारी तीनला तो पोचला. पाठीवरचा पंप बघून बाईंनी मान हलवली.

"तो राहू दे गाडीतच. मारायची नाही. आणायची आहे."

त्याला हसू आलं, पण बाईंचा चेहरा बघून ते ओठांवरच विरलं. त्या त्याला मागच्या खोलीशी घेऊन गेल्या आणि कुलूप काढलं.

आत पाऊल टाकताच त्यानं सवयीनं हवा हुंगली. त्याचा सगळा धंदा नाकावर चालायचा. भिंतीत ओल कुठे, लाकूड कुठे कुजलंय, हे तो वासावरून सांगायचा. या खोलीला वासच नव्हता. लाकडाचा नाही, कापडाचा नाही, माणसाचा नाही. बशीत सफरचंदाच्या फोडी होत्या, आत्ताच चिरल्यासारख्या पांढऱ्याशुभ्र. शेजारी वर्तमानपत्र होतं. त्यानं तारीख वाचली. दीड वर्षापूर्वीची.

खिडकीजवळ खुर्चीत बाईंचे यजमान बसले होते. डोळे मिटलेले, गालावर रंग. छाती मात्र हलत नव्हती.

"झोपलेत?" त्यानं हळूच विचारलं.

"गेलेत," बाई म्हणाल्या. "त्या पेपराच्या दिवशीच. मी चहा करत होते. यांनी आतून विचारलं, झाला का गं? मी कप घेऊन आले, तर..."

त्यांनी फोडींची बशी उगाच सरळ केली.

"तीस वर्षं मी तुम्हा पोरांना शिकवलं ना, कुजणं म्हणजे निसर्गाचा हिशेब, त्यात चांगलं-वाईट काही नसतं. आणि त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा देवापुढे पदर पसरला. म्हटलं, यांना नासू देऊ नकोस. यांच्या कशालाच कीड लागू देऊ नकोस. लोकांना सांगितलं, अंथरुणाला खिळलेत."

"मग... देवानं ऐकलं म्हणायचं?"

"तेच कळत नाही रे. देवानं ऐकलं, की ऐकणारं दुसरंच कुणी होतं..."

तेवढ्यात खुर्चीतले ओठ हलले. डोळे उघडले नाहीत, छाती हलली नाही.

"झाला का गं?"

तो दाराकडे मागे सरला. बाईंनी त्याचा दंड घट्ट धरला.

"रोज याच वेळी. शंभर वेळा कप धरला ओठाशी. ना पितात, ना सुटतात. देवाला परत सांगून पाहिलं, आता घे म्हणून. ऐकत नाही. म्हटलं, निसर्गाला विचारून बघावं."

त्याला पळून जावंसं वाटत होतं. पण ज्या बाईंनी त्याला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून बुरशी दाखवली होती, त्या त्याच्यासमोर हात जोडून उभ्या होत्या. गाडीत सकाळच्या कामावरून काढलेली चौकट पडली होती, वाळवीनं बुजबुजलेली. त्यानं ती आणली, खुर्चीच्या पायाशी ठेवली, आणि दार ओढून दोघं बाहेर बाकावर बसले.

बराच वेळ काही नाही. मग आतून बारीक आवाज सुरू झाला. कोरडा, कुरतडल्यासारखा. वाढत वाढत भिंतींतून, छतातून येऊ लागला. दाराच्या फटीतून वास आला... नासक्या फळांचा, ओल्या कापडाचा, आणि त्याखाली आणखी कसला तरी. बाईंनी तोंडाला पदर लावला.

"झाला का गं?" या वेळी आवाज थकलेला होता.

"झाला," बाई दाराशी तोंड नेऊन म्हणाल्या. "घ्या आता..."

कुरतडण्याचा आवाज थांबला. वासही हळूहळू विरला.

"तुम्ही बसा. मी बघतो," तो म्हणाला.

आत सगळं एका तासात दीड वर्ष पुढे गेलं होतं. पडद्याच्या चिंध्या, बशीत काळा चोथा. खुर्ची तेवढी शाबूत होती, आणि तिच्यावर नुसते रिकामे कपडे. जमिनीवर बोटभर करडी धूळ, साईसारखी सपाट. त्याला एकदम हलकं वाटलं. कसं का होईना, म्हातारा सुटला होता. दारातूनच मागे वळून तो झाडू आणायला गाडीकडे गेला.

मिनिटाभरात परतला आणि उंबऱ्यातच थिजला.

धुळीत पावलं उमटली होती. अनवाणी, लांबट, बोटं जरा जास्तच पसरलेली. ती खिडकीपासून निघून खुर्चीपर्यंत गेली होती. परतीची नव्हती. खिडकीची कडी आतून लागलेली होती. खुर्चीवरचे कपडे बाजूला सारलेले होते, कुणाला तरी बसायला जागा करावी तसे. खुर्ची रिकामी दिसत होती.

तेवढ्यात तिची वेताची बैठक करकरली आणि खाली दबली.

"झालं का रे सगळं?" मागून बाईंनी विचारलं. दीड वर्षानं त्या मोकळ्या रडत होत्या.

 त्यांना आतलं दिसू नये म्हणून तो चटकन वळून दारात आडवा उभा राहिला.

"झालं, बाई."

त्यानं घाईनं दार ओढून घेतलं, कुलूप हातात घेतलं. बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"नको रे. दीड वर्ष कोंडलेली खोली आहे. आता रात्रभर उघडीच राहू दे."

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं दार सताड उघडलं.