बाप्पा चिकटेना

"गाडी आली की तुम्ही दोघी मागे बसायचं," तेजस्विनी म्हणाली. "चपला काढून."

वर्षालीने मान हलवली. चुलतबहिणीला अठ्ठेचाळीस सालची विलायती गाडी, आणि आपल्याला तिची मागची सीट, तीही अनवाणी. निगडीहून चाकणला येईस्तोवर तेजस्विनी दुसरं काही बोललीच नव्हती. दिघीची मैत्रीण अलमास सुट्टीत वर्षालीबरोबर तिच्या काकांकडे आली होती. तिने हळूच विचारलं, "पोटात दुखतंय का गं?"

"नाही. जळतंय."

ज्योतीरामशेठ चाकणच्या शेडमध्ये जुन्या गाड्या विकत. या गाडीच्या बदल्यात तेजस्विनीचे वडील, निरंजनकाका, त्यांना आपला प्लॉट देणार होते. आधी पूजा, मग सह्या.

"पत्रा सगळा मूळचा बरं का," शेठ म्हणाले. "हल्लीच्या गाड्या म्हणजे नुसते डबे."

सुमनकाकूंनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि चुंबकाचा गणपती डॅशबोर्डवर बसवला. तो घसरला. पुन्हा बसवला, पुन्हा घसरला.

"देवाला गाडी पसंत नाही की काय," काकू पुटपुटल्या.

मोठ्या माणसांनी यावर मोठ्या माणसांसारखाच विचार केला. चिकटपट्टी मागवली. बाप्पा बसले आणि सगळे निश्चिंतपणे चहाला गेले.

वर्षाली गेली नाही. बाप्पांची मनोमन माफी मागून तिने पट्टी सोडवली आणि त्यांना बॉनेटला लावून पाहिलं, दाराला लावलं, मडगार्डला लावलं. बाप्पा कुठेच थांबायला तयार नव्हते.

अलमासने दारावर टकटक केलं. "आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखा आवाज येतोय. फायबर आहे हे."

वर्षालीला फार बरं वाटलं. "गप्प बसू. फिरू दे तिला टाकीतून."

"आणि काकांचा प्लॉट? तुला सायकल शिकवताना तेच धावायचे ना मागे?"

हा मुद्दा अलमासने काढायला नको होता. चहा उरकून काकांनी सह्यांसाठी पेनाचं टोपण काढलं, तेवढ्यात वर्षाली पुढे झाली. "काका, थांबा. ही गाडी पत्र्याची नाही. चुंबक धरत नाही."

"जळते ही माझ्यावर," तेजस्विनी म्हणाली.

"जळतेच. पण चुंबक जळत नाही."

शेठ हसले. "बाळा, रंगाचे थरावर थर दिलेत. त्यातून चुंबक कसं धरणार?"

मोठ्यांना हे पटलं. वर्षालीने रुमाल काढला, दुहेरी घडी करून शेडच्या लोखंडी दारावर धरला आणि त्यावर बाप्पांना टेकवलं. बाप्पा रुमालासकट घट्ट बसले.

"शेठ, तुमचा रंग या रुमालाहून जाड आहे?"

शेठनी घाम पुसला. "म्हणजे... खालची चासी खरोखर जुनी आहे."

"कशाची?" काकांनी विचारलं.

"कांद्याच्या पिकअपची. पण चांगली चाललेली हो."

काकांनी टोपण लावलं. वर्षालीच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "पोरी, आम्ही सगळे डोळे मिटून हात जोडत बसलो. डोळे उघडे होते ते तुम्हा दोघींचेच." काकूंनी दोघींच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"एवढं काय त्यात," तेजस्विनी म्हणाली. "कुणालाही सुचलं असतं."

हा आवाज वर्षालीच्या चांगला ओळखीचा होता. सुट्टीभर तो तिने स्वतःच वापरला होता. दुसऱ्याच्या तोंडून तो इतका गोड लागतो, हे मात्र तिला आजच कळलं.