आळंबी कुणी दिली?

मंगळवारी सकाळी अन्न निरीक्षक बाईंचा फोन वाजला. पलीकडून शेतकरी बाजाराचा व्यवस्थापक धापा टाकत बोलत होता. "आळंबीवालीचा गाळा बंद केलाय. परवा तिची आळंबी खाऊन तिघं दवाखान्यात पडलेत. लवकर या."

बाई आधी त्या तिघांना ज्यांनी जेवायला घातलं, त्या यजमानांकडे गेल्या. ते निवृत्त प्राध्यापक. रविवारी संध्याकाळी त्यांनी तीन जुन्या मित्रांना जेवायला बोलावलं होतं. प्रत्येक जिन्नस शेतकरी बाजारातला, असं आठवडाभर सांगून ठेवलं होतं. टेबलावर पुठ्ठ्याच्या पट्ट्या अजून उभ्या होत्या. कोणती भाजी कुणाच्या शेतातली, ते वळणदार अक्षरात लिहिलेलं.

"आळंबी कधी आणलीत?"

"रविवारी सकाळी."

"गाळ्यावर कोण होतं?"

"तीच. म्हणाली, सरांसाठी ताजी बाजूला ठेवलीय. दोन्ही हातांनी पिशवी भरून दिली."

"तुम्हाला काही त्रास?"

"मी खाल्लीच नाही. पित्त झालं होतं." प्राध्यापक पट्ट्या गोळा करू लागले. "तिला फार त्रास देऊ नका. साधी बाई आहे."

आळंबीवालीच्या शेडमधल्या मांडण्या रिकाम्या होत्या. तिच्या उजव्या हाताला बोटांपर्यंत बँडेज होतं.

"सगळं पीक काल पुरून टाकलं, बाई. माझंच काहीतरी चुकलं असणार."

"हाताला काय झालं?"

"शनिवारी उकळतं पाणी सांडलं. रविवारी सकाळी दवाखान्यातच होते."

"मग गाळ्यावर?"

"नणंद बसली होती."

"ती तुमच्यासारखी दिसते?"

"छे! तिच्या खांद्याला लागते मी. आणि गिऱ्हाइकाशी एक शब्द जास्तीचा बोलेल तर शपथ."

बाईंनी वही मिटली.

दुपारी त्यांनी प्राध्यापकांना दवाखान्यात बोलावलं. तिन्ही मित्र उशांना टेकून बसले होते.

"सर, रविवारी तुम्ही त्या गाळ्यावर गेलाच नाहीत," बाई म्हणाल्या. "जिनं तुम्हाला दोन्ही हातांनी पिशवी भरून दिली, ती तेव्हा हात बांधून घेत होती. गाळ्यावर तिची नणंद होती; तुम्ही गेला असतात तर ते तुम्हाला माहीत असतं. मग आळंबी कुठली? आणि वाढणाऱ्यानं एकट्यानंच ती का टाळली?"

प्राध्यापकांचे कान लाल झाले.

"झोप लागून गेली," ते अखेर म्हणाले. "पोचलो तेव्हा बाजार उठला होता. बाकीचं शनिवारीच आणून ठेवलं होतं. फ्रिजमध्ये जुनी आळंबी होती, चिकट झालेली. धुतली, लसणावर परतली. वास गेला, वाटलं चालेल."

"स्वतःला चालली नाही ती?" मित्रांपैकी दंतवैद्य हळूच म्हणाला.

प्राध्यापक खाली बघतच दंतवैद्याकडे वळले.

"इथं आणल्यावर तू विचारलंस, कुठली आळंबी? पट्टीवर तिचं नाव लिहिलं होतं, तेच तोंडातून गेलं. मग मागे फिरता येईना."

"तिला भेटलात नंतर?" बाईंनी विचारलं.

"काल ती इथं आली होती. सगळ्यांसाठी पेज घेऊन. बाहेरच्या बाकाशी तिनं तो बांधलेला हात जोडायचा प्रयत्न केला, माझी माफी मागितली." त्यांनी चष्मा काढला. "आणि मी म्हणालो, जाऊ दे, होतं असं कधीकधी. मी तिला माफ केलं, बाई."

दंतवैद्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.