तीन जळक्या काड्या, एक कोरी

रोवेनाची गाडी काळ्या मातीत रुतली तेव्हा नजर जाईल तिथवर फक्त गवत आणि खुरटी झुडपं होती, आणि पाऊस. ती गुडघ्यापर्यंत चिखलात उभी राहून मागच्या चाकाखाली फांद्या कोंबत होती. तेवढ्यात मागून एक जुनाट गाडी घरघरत आली आणि थांबली. खिडकीची काच अर्धी खाली सरकली. अर्धीच, कारण ती त्याच्या पुढे कधी जातच नसे, हे तिला नंतर कळलं.

"फांद्या कोरड्या लागतात," आतून आवाज आला.

"या पावसात कोरड्या फांद्या कुठे मिळतात ते सांग. घेऊन येते."

आत थोडा विचार झाला. "हं... बरोबर आहे."

दार उघडून एक उंच, सडपातळ तरुण उतरला. हातात दोरखंड. त्याच्या शेजारच्या सीटवर टोपी नाकावर ओढून एक म्हातारा बसला होता, मागे एक लाल कुत्रा. कुत्रा लगेच उतरला. म्हातारा हलला नाही.

"तुझे दोस्त नाही उतरणार?"

"मर्व? त्याला त्या सीटवरून उठवणं मला आजवर जमलेलं नाही."

"पुढची सीट माझी आहे," टोपीखालून मर्व म्हणाला. "एकदा उठलो की कोणीतरी बसतं. माणसांचा काही भरवसा नाही."

ओल्या फांद्यांच्या जागी दोरखंड चाकाखाली गेला, रोवेना आत बसली, चाकं फिरली, आणि गाडी एका हिसक्यात बाहेर आली. मागे उभा असलेला तरुण नखशिखांत चिखलाने माखला. रोवेना उतरून त्याच्यासमोर गेली. हसू दाबायचा तिने खरोखर प्रयत्न केला.

"तुझ्या तोंडाला चिखल लागलाय."

"कुठे?"

"कुठे नाही लागला, ते सांगणं सोपं जाईल." तिने बोटाने त्याच्या डाव्या भुवईच्या टोकाला जरासा स्पर्श केला. "इथे."

तो तसाच उभा राहिला. पावसाचे थेंब त्याच्या पापण्यांवरून ओघळत होते, आणि तो ते पुसत नव्हता.

"मी क्लेम," शेवटी तो म्हणाला. "मेंढ्या कातरतो. ऑल्डरिजच्या शेडवर निघालोय."

"मी रोवेना. लोकर उचलते." ती थांबली. "...ऑल्डरिजच्या शेडवर."

"म्हणजे आता दोन आठवडे माझे उपकार तुझ्या डोक्यावर."

"आणि तू ते विसरू देणार नाहीस."

"रोज सकाळी आठवण करून देईन," तो म्हणाला, आणि त्या चिखलातून त्याचे दात लख्ख चमकले.

कातरणाऱ्यांच्या टोळीचं आयुष्य विचित्र असतं. मुकादम सांगेल त्या शेडवर जायचं, पत्र्याच्या खोल्यांत राहायचं, एका टेबलावर जेवायचं, एकमेकांचं घोरणंसुद्धा ओळखू लागायचं. मग शेवटची मेंढी कातरून झाली की रात्रभर बिअर, गळाभेटी, "भेटू रे!" आणि सकाळी सगळ्या गाड्या वेगवेगळ्या दिशांना. रोवेना चार वर्षं हेच करत होती. तिचं सगळं सामान गाडीत मावत असे. पहिल्या वर्षी तिने जीव लावला तो एका स्वयंपाकिणीला आणि एका कुत्र्याला. दोघंही पुन्हा दिसली नाहीत. तेव्हापासून तिने स्वतःपुरता एक नियम केला होता: शेडमध्ये कुणात गुंतायचं नाही. शेड संपली की माणसंही संपतात.

नियम चांगला होता. फक्त तो क्लेमला कोणी सांगितला नव्हता.

पहिल्याच दिवशी ती आत शिरली तेव्हा मर्व ओरडला, "तळ्यावर बदकं!" शेडमध्ये बाई आली की जुनी माणसं असं ओरडतात. अर्थ एवढाच, की आता जिभेला लगाम घाला. मशीनवर वाकलेल्या क्लेमने मान वर केली आणि म्हणाला, "एकच आहे. आणि हिला चिखल आवडतो."

मग काम सुरू झालं. कातरलेल्या मेंढीची लोकर एका तुकड्यात, अंगरख्यासारखी उतरते. ती दोन्ही हातांनी गोळा करायची, पळत टेबलाशी जायचं आणि अशी फेकायची, की हवेतच उलगडून ती चादरीसारखी सपाट पडावी. रोवेनाचा हात यात पक्का होता. तिची लोकर कधी गोळा होऊन पडली नाही. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की बाकीचे तिघं कातरणारे, मर्वसुद्धा, लोकर जशी पडेल तशी सोडतात. क्लेम मात्र मशीनचा शेवटचा हात फिरवताना पाय जरासा वळवतो, आणि लोकरीची मागची टोकं नेमकी तिच्या हाताशी येतात.

योगायोग असेल, तिला वाटलं. म्हणून तिने तपासून पाहिलं. एकदा डावीकडून गेली. टोकं डावीकडे वळली. मग उजवीकडून. टोकं उजवीकडे.

"तू माझ्यासाठी लोकर वळवतोस," चहाच्या सुट्टीत ती म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. प्रयोग केलाय."

"आणि निष्कर्ष?"

"अजून थोडी निरीक्षणं घ्यावी लागतील," ती म्हणाली, आणि चहा जास्त गरम नसतानाही कपावर फुंकर घालत बसली.

संध्याकाळी सगळे पायऱ्यांवर बसत. लोकरीच्या तेलाने तिचे हात मऊ झालेले असत, आणि क्लेम म्हणे, "बघू, अजून निरीक्षणं चालू आहेत का?" कधी मर्व त्याच्या तरुणपणीच्या थापा मारी. कधी टिपेन भाऊ क्रिकेटवरून भांडत. ते दोघंही कातरणारेच. दिवसभर शेजारी शेजारी कातरायचे आणि संध्याकाळी एकमेकांशी फक्त भांडायला बोलायचे. क्लेम फार बोलत नसे. पण रोवेना उठली की तोही उठे. आणि तिच्या खोलीच्या बरंच आधी थांबे.

"एवढ्या लांब का थांबतोस?" एकदा तिने विचारलं.

"असंच," तो म्हणाला. "शेड संपू दे..."

वाक्य त्याने पुरं केलं नाही. त्या रात्री तिने ते नाना तऱ्हांनी पुरं करून पाहिलं. एकही तऱ्हा खात्रीची वाटली नाही.

शेवटच्या दिवशी पहाटे जाग आली ती पत्र्यावरच्या टपटपीने.

नाश्त्याला स्वयंपाकीण नोरीन अंडी वाढत होती. "आज उरकेल सगळं," ती म्हणाली. "उद्या आमची गाडी दक्षिणेला. तूही आमच्याबरोबरच ना, पोरी? क्लेम आणि मर्व पश्चिमेला चाललेत, त्या पलीकडच्या मोठ्या शेडवर."

रोवेनाने तव्याकडे पाहिलं. "हो का," ती म्हणाली. आवाज जमेल तेवढा साधा ठेवला.

पण पाऊस! लोकर ओली असेल तर कातरत नाहीत. गासडीत ओली लोकर भरली की ती आतून तापते, कधी पेटही घेते. आणि दिवसभर ओल्या मेंढ्या मांड्यांत धरून माणसं आजारी पडतात. म्हणून असा पाऊस पडला की प्रत्येक कातरणारा दोन मेंढ्या कातरून पाहतो, आणि मग मत देतो: ओली की कोरडी. मत गुप्त. बहुमताने ओली ठरली तर काम बंद. मग आजचा दिवस मोकळा, आणि शेड संपेल उद्या.

एक दिवस. रोवेनाने मनाशी हिशेब मांडला. एका दिवसात माणूस एक वाक्य तरी पुरं करू शकतो.

अडचण एवढीच, की मेंढ्या रात्रभर शेडच्या छपराखाली कोंडलेल्या होत्या. तिने जाऊन एकीच्या पाठीत बोटं घातली. आत उबदार, भुरभुरीत, खणखणीत कोरडी.

तिला मत नव्हतं. म्हणूनच मतांचं भांडं नेहमी तिच्या हाती दिलं जाई: चहाची जुनी टिनाची किटली, वर फडकं. प्रत्येकाला काडेपेटीतल्या दोन काड्या मिळत, एक जळकी, एक कोरी. जळकी टाकली तर ओली, कोरी टाकली तर कोरडी. उरलेली खिशात.

चौघांनी दोन दोन मेंढ्या कातरल्या. ती किटली घेऊन फिरली. मर्वने हात घातला, काढला. मोठा टिपेन. धाकटा टिपेन. मग ती क्लेमपाशी आली. त्याने फडक्याखाली मूठ घातली. क्षणभर त्यांची नजर भिडली, आणि तो कानापर्यंत लाल झाला. तिने पटकन किटली पुढे नेली.

मुकादम डॅरिलने किटली पालथी केली.

तीन जळक्या. एक कोरी.

"ओली?" डॅरिलने छताकडे पाहिलं, मग चौघांकडे. "या... या मेंढ्या ओल्या आहेत?"

"माझी तर ठिबकत होती," मर्व म्हणाला.

डॅरिल बडबडत मालकाला सांगायला गेला. रोवेना फडकं घडी करत उभी होती, गालातल्या गालात हसत. तेव्हा मर्व शेजारून गेला. "मत गुप्त असतं," तो कुजबुजला, "पण पोरी, माझी जळकी होती. बस, मजा कर."

थोड्या वेळाने मोठा टिपेन आला. "कोणाला सांगू नकोस. मी ओली म्हटलं. तुम्हा दोघांसाठी."

मग धाकटा. "भावाने कोरडी म्हटली असणार, माहितीये मला. मी मात्र ओली."

तो गेला. रोवेनाने मनातल्या मनात बेरीज केली. मर्वची जळकी. टिपेन भावांच्या दोन जळक्या. झाल्या तीन.

म्हणजे कोरी क्लेमची.

तिचं हसू विझलं. सगळ्या शेडला दिसत होतं ते एकट्या त्यालाच नको होतं. त्याला आजच शेड संपवून निघायचं होतं.

पाऊस थांबला होता. क्लेम पाण्याच्या टाकीपाशी शर्ट पिळत होता. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तू कोरी टाकलीस."

त्याचे हात थांबले. "मत गुप्त असतं ना?"

"तिघं येऊन सांगून गेलेत मला. उरलास तू."

"मेंढ्या कोरड्याच होत्या, रो."

"माहितीये. मी हात घालून पाहिलं." तिचा आवाज चिरकला, आणि त्याचा तिला राग आला. "एवढी घाई आहे तुला जायची?"

"जायची?" त्याने शर्ट दोरीवर टाकला. तो सरकून चिखलात पडला. त्याने पाहिलंही नाही. "मला... हे बघ. मी स्वतःला एक शब्द दिला होता. शेड संपेपर्यंत तुला काही विचारायचं नाही. आपण सगळे एका टेबलावर जेवतो. मी विचारलं आणि तू नाही म्हणालीस, तर तुला दोन आठवडे माझं तोंड समोर बघत जेवावं लागलं असतं. शेड संपली की तुझी गाडी, तुझा रस्ता. तू मोकळी. म्हणून..."

"म्हणून?"

"म्हणून आजच संपायला हवी होती. मला आणखी एक दिवस धीर धरवत नव्हता." त्याने हताशपणे शेडकडे पाहिलं. "आणि त्या गाढवांनी मला मदत केली."

रोवेना हसायला लागली. एवढं हसली, की टाकीला धरावं लागलं.

"हसतेस काय? मी पश्चिमेच्या मुकादमाकडे मर्वशिवाय आणखी दोन जागा मागितल्यात. कातरणारा एक, लोकर उचलणारी एक. दुसरी रिकामी राहिली तरी चालेल म्हणालो, पण... रो, तू—"

तिने तळहात त्याच्या ओठांवर ठेवला. हळूच.

"अंहं. शब्द म्हणजे शब्द. शेड संपलेली नाही अजून."

"पण—"

"उद्या. शेवटच्या मेंढीनंतर." ती दोन पावलं मागे सरकली, डोळे चमकत होते. "मी कुठे जात नाहीये."

दुसऱ्या दिवशी क्लेम जसा कातरत होता तसं कुणी कधी पाहिलं नव्हतं. आणि बाकीचे तिघं जसे रेंगाळत होते, तसंही नाही. मर्वला तीनदा तहान लागली. शेवटी कोंडवाड्यात एकच उरली. सगळ्यांनी चुकवत चुकवत मागे ठेवलेली, सुरकुत्यांची, लाथाडणारी मेंढी. तिघंही हात पुसत बाजूला झाले. क्लेमने तिला ओढून आणलं, कातरलं, आणि दोरी खेचून मशीन बंद केलं.

शेड एकदम शांत झाली.

"रोवेना," तो धापा टाकत म्हणाला, "माझ्याबरोबर—"

"हो," ती म्हणाली.

"मी पूर्ण विचारू तरी दे."

"विचार. मग परत हो म्हणते."

तिने ती शेवटची लोकर उचलली, टेबलाशी पळत गेली आणि फेकली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच लोकर हवेत उलगडली नाही. टेबलावर भद्दकन गोळा होऊन पडली. टिपेन भाऊ एकदमच हसले, आणि एकमेकांकडे पाहून पुन्हा गंभीर झाले.

सकाळी ती बॅग घेऊन क्लेमच्या गाडीपाशी आली. तिची गाडी नोरीन दक्षिणेला नेणार होती, विकून टाकायला. सवयीने रोवेनाने मागचं दार उघडलं आणि थबकली. आत कुत्र्याला चिकटून, गुडघे हनुवटीशी घेऊन, टोपी नाकावर ओढलेला मर्व बसला होता.

"दार लाव," टोपीखालून तो म्हणाला. "वारा येतो. आणि पुढची सीट नीट सांभाळ. एकदा उठलीस की मी बसलोच म्हणून समज."